होड्या वर काढल्या की…

देवकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्या वर्षाच्या मुलींना हात धुवायला शिकवत होते. नर्सिंगच्या शाळेत पहिला धडा तोच असतो. बांगड्या काढा, अंगठ्या काढा, घड्याळ काढा, कोपरापर्यंत साबण लावा, बोटांच्या बेचक्यांतून चोळा, आणि मग हात वर धरून पाणी कोपराकडून गळू द्या. शिपायाने दारातून खूण केली. फोनवर तिच्या शेजारचा कोणीतरी होता. "वैनी गेली, मॅडम," एवढंच म्हणाला, आणि मागून बायकांचं रडणं ऐकू आलं. मुलींना तसंच ओल्या हातांनी उभं सोडून मी पालघरच्या स्टँडवर गेले, बोईसरला एसटी बदलली आणि चिंचणीला उतरले. वाटेत एक थेंब आला नाही डोळ्यांतून. राग मात्र इतका आला होता की शेजारच्या बाईने सीटवर जरा सरका म्हटलं तर मी तिच्यावर खेकसले.

अंगणात तिला घेतलं होतं. हिरवी साडी, कपाळभर मळवट, आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. कासाराला मुद्दाम बोलावून भरला होता, मोठ्या मापाचा, कारण हात सुजले होते. बायका येत होत्या, तिच्या पायांवर डोकं ठेवत होत्या, आणि एकमेकींना सांगत होत्या, "नशिबाची गो! अहेव गेली. काकनं घेऊन गेली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नशिबाची! वय काय तिचं, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. तिचा नवरा जनार्दन समुद्रावर होता, म्हणून सगळे थांबले होते. संध्याकाळच्या भरतीला त्याची होडी आली. धडधाकट आला तो. किनाऱ्यावरच कोणीतरी सांगितलं, तर मासळी तशीच टाकून धावत आला आणि अंगणाच्या तोंडाशी मटकन खाली बसला. त्याला बघून मला दया यायला हवी होती. नाही आली. काय करू?

हे सगळं मी लिहायला बसले कारण देवकीवर दुसरं कोणी लिहिणार नाही. ती कुठल्या पदावर नव्हती, तिच्या नावापुढे पदवी नव्हती, आणि तिने ती का घेतली नाही याची गोष्ट गावात जी सांगतात ती खोटी आहे. "शिक्षन झेपलं नाय तिला," असं म्हणतात. झेपलं नाही? अहो, आमच्या अख्ख्या बॅचमध्ये शरीररचनेचा पेपर तिच्याइतका कोणी लिहिला नव्हता!

मी माकुणसारची. घरी केळी आणि पानवेलींची वाडी. देवकीचं माहेर सातपाटीचं, बाप मच्छीमार, आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणारी. बापाने एकदाच ठरवलं होतं, एक पोर तरी पाटीशिवाय जगू दे. सत्तरचं दशक सरता सरता आम्ही दोघी मुंबईत विद्यापीठाच्या नर्सिंगच्या पदवीला लागलो. तेव्हा पदवीवाल्या नर्स म्हणजे वॉर्डातल्या जुन्या सिस्टरांच्या डोळ्यांत कुसळ. "पुस्तकवाल्या आल्या," म्हणायच्या, आणि बेडपॅन आमच्या हातात द्यायच्या. एकाच तालुक्यातल्या म्हणून वसतिगृहात आम्हाला एक खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात मेट्रनबाई वास काढत खोलीत आल्या. देवकीने ट्रंकेत सुके बोंबील आणले होते, आईच्या जुन्या लुगड्यात बांधून. मेट्रन ओरडल्या, मी लाजेने अर्धी झाले, आणि देवकी शांतपणे म्हणाली, "मॅडम, फिनेलचा वास आम्हाला चालतो, तुम्हाला बोंबलाचा का नाय?" शिक्षा झाली. आठवडाभर जिने पुसले. पण त्यानंतर मेट्रनबाईंनी त्या ट्रंकेकडे पाहिलं नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत तीच बोंबलाची चटणी अख्खा मजला मागायला येत असे.

ती हुशार होतीच, पण हुशारीपेक्षा तिला त्या कामाची ओढ होती. मला सांगा, आजारी माणसाचं अंथरूण त्याला न उठवता बदलायचं यात कोणाला आनंद होईल? हिला व्हायचा. माणसाला कुशीवर वळवताना ती त्याच्याशी हळूच बोलायची, "वळा हां बाबा, आता माझ्याकडं, हां, झालं." हाडांची नावं ती बोटांवर मोजत, डोळे मिटून, एका तालात म्हणायची. चौथं वर्ष संपलं की आपल्या भागात यायचं, तारापूर-बोईसरकडे, जिथे कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते आणि बाळंतपणाला अडलेल्या बाईला नीट हात लावणारं माणूस नव्हतं, असं तिचं ठरलेलं होतं. स्वतःचं छोटं प्रसूतिघर काढायचं. तिसऱ्या वर्षी आमची फिरती मासवणकडच्या पाड्यांवर होती. तिथल्या बायका आमच्या मोकळ्या मनगटांकडे आणि पांढऱ्या कपड्यांकडे बघून मागे सरायच्या. एका म्हातारीने तर देवकीला तोंडावर विचारलं, "इतकी लहान पोर तू, नवरा कदी मेला गं?" मी हसून लोटपोट. देवकी म्हणाली, "अजून झाला नाय गो आजी, मरंल कुठून?" मग म्हातारीही हसली, आणि तिच्या सुनेला तपासू दिलं. पुढे हा विनोद मी कधी कोणाला सांगू शकले नाही.

कारण त्याच वर्षी मे महिन्यात देवकीचं लग्न झालं. सोयरीक लहानपणीच ठरलेली, चिंचणीच्या जनार्दनाशी. सासरची माणसं वाईट नव्हती, हे मी आज रागात असूनही सांगते. "एक वरीस राह्यलंय तर पुरं कर," असं सासूच म्हणाली होती. एकच अट. होडी बाहेर असेल तेव्हा हातातली काकणं उतरवायची नाहीत. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलं होतं. माणूस पाण्यावर, तोवर बाईच्या हातात काकण. पाऊसकाळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की मग बायका काकणं उतरवून हात मोकळे करणार, जुनी बदलणार, नवी भरणार. देवकीने मान डोलावली. आणि इकडे मुंबईत वॉर्डाच्या दारात नियम काय? मनगटावर काही नको. जनार्दन कुठल्या दिवशी पाण्यावर आहे आणि कुठल्या दिवशी घरी, हे तिला मुंबईत बसून कळणार कसं?

तिने जे केलं ते कोळणीच्या पोटी जन्मलेली नर्सच करू जाणे. डाव्या मनगटात एकच बारीक हिरवं काकण ठेवलं आणि वरून स्वच्छ गॉझ गुंडाळून चिकटपट्टी लावली. मनगट मुरगळलंय म्हणून सांगितलं. रोज ड्यूटीआधी नवी पट्टी, ड्यूटीनंतर ती काढून, काकणाला स्पिरिट लावून, पुन्हा नवी. मी म्हटलं, "देवकी, नियम उगाच नाहीये गं, तुला माहितेय." म्हणाली, "माहितेय म्हणून तर उकळून घेते." खरंच, पट्टीचं कापड ती उकळून घ्यायची. दोन्हीकडचा नियम पाळायचा तिचा हा खटाटोप होता, आणि काही आठवडे तो चालला.

दिवाळीनंतर आमच्या ट्यूटरच्या ते लक्षात आलं. बाई शिकवायला उत्तम, पण माणसाला चारचौघांत सोलून काढण्याची भारी हौस. सगळ्या बॅचसमोर, पेशंट बघताहेत अशा जागी, त्यांनी देवकीला पुढे बोलावलं. इतक्या दिवसांत न बरं होणारं मनगट आहे तरी कसलं, दाखव, म्हणाल्या. देवकी म्हणाली, "मॅडम, आत जाऊन दाखवते." "इथेच," म्हणाल्या, आणि स्वतःच पट्टीचं टोक धरून ओढलं. काकण पट्टीला चिकटलेलं, ते दबलं आणि वाढलं. आम्ही फुटलं म्हणत नाही, वाढलं म्हणतो. तुकडा मनगटात रुतला, रक्ताची धार आली. आणि मुली हसल्या हो... कारण पट्टीखाली जखम निघेल असं वाटलं होतं आणि निघाली बांगडी. ट्यूटर म्हणाल्या, "पदवी घ्यायला आलात आणि डोक्यात अजून हेच?" देवकी तुकडे वेचत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. लाज नव्हती ती, भीती होती.

मी आज ट्यूटर आहे. मुलींना बांगड्या काढायला मी रोज सांगते, आणि सांगत राहणार. नियम बरोबर आहे, त्यात एक अक्षर बदलायचं नाही. पण एखादीचा हात आखडला तर तिला बाजूला घेऊन विचारायला किती वेळ लागतो? एवढं त्या बाईंना सुचलं असतं तर आज मी हा लेख लिहीत बसले नसते.

त्याच आठवड्यात समुद्राला उधाण आलं, वारा फिरला, आणि चिंचणीकडच्या काही होड्या सापडल्या त्यात. जनार्दनाची होडी उलटली. तो फळीला धरून राहिला, दुसऱ्या होडीवाल्यांनी ओढून घेतला. त्याचा धाकटा भाऊ, बाळ्या, हाती लागला नाही. मिसरूड फुटलेलं पोर. देवकी निरोप मिळाल्या मिळाल्या निघाली. घरी पोचली, सासूच्या गळ्यात पडली, आणि सासूला तिच्या मनगटावरची ताजी खपली दिसली. विचारलं तर देवकीने जसं घडलं तसं सांगून टाकलं. काहीही सांगता आलं असतं, पत्र्याने कापलं, सुई लागली. पण खोटं बोलणं तिला जमलं ते फक्त त्या एका पट्टीपुरतं.

महिनाभर ती आली नाही तेव्हा मी चिंचणीला गेले. शेवटची परीक्षा तोंडावर, हजेरी कमी पडत चाललेली, प्राचार्यांना कसंबसं पटवलं होतं. सासू ओट्यावर बसली होती, नजर कुठेच नाही. मी बोलत राहिले, थोडेच महिने राहिलेत, आई, पदवी हातात आली की हिचं आयुष्य... म्हातारीने मला पुरं बोलू दिलं आणि मग म्हणाली, "एक गेला हिच्या शिक्षनापायी. दुसरा नाय देनार मी." तरी मी बोलले, भांडले, हे अज्ञान आहे म्हटलं, वादळ बांगडीला विचारून येतं का म्हटलं. म्हातारी रडली नाही, चिडली नाही. देवकी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. दोन्ही हातांत हिरवी काकणं, भरगच्च.

मला एसटीपर्यंत सोडायला आली तेव्हा मी तिच्यावर घसरले. "त्यांचं सोड, तू तर शिकलीयस ना? तू मानतेस हे?" ती म्हणाली, "वसू, बाळ्याचं कळलं ना, तवा पयलं मी काय केलं सांगू? हाताकडं बगितलं. सगळी हाडं पाठ हायत मला, रक्त कसं फिरतं ते पाठ हाय... तरी हाताकडंच बगितलं. आता तूच सांग, कुठल्या तोंडानं परीक्षेला बसू?" मी तिला खूप शिव्या दिल्या त्या दिवशी. त्यातली एकही लागू पडली नाही.

पुढची वर्षं अशीच गेली. बोईसरला एका डॉक्टरच्या दवाखान्यात ती इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची. काकणं घालून. डॉक्टरला त्याचं सोयरसुतक नव्हतं, कमी पगारात राबणारी बाई मिळाली की झालं. कारखान्यातली परगावची पोरं तिच्यापुढेच रांग लावायची, "दीदी, आप ही लगाना," म्हणत. प्रत्येक पेशंटआधी ती काकणं कोपराकडे सरकवायची, रुमालाने बांधायची, आणि एकेका काकणाखाली साबण फिरवून हात धुवायची. मग हात वर धरून पाणी कोपराकडून गळू द्यायची, आम्हाला शिकवलं होतं अगदी तसं. काकणांखालची कातडी पांढुरकी पडली होती. दवाखान्यात कोणी बाई अडली आणि डॉक्टर नसला तर हीच सगळं निभवायची, आणि नाव व्हायचं डॉक्टरचं. "तुझं प्रसूतिघर कुठाय?" असं मी एकदा चिडवलं. "हे काय," म्हणाली आणि आपले दोन हात पुढे केले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

गेल्या नवरात्राच्या सुमाराला ती माझ्याकडे आली ती जिन्यातच बसली. दम लागलेला. मी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं, कारण तिने ते आधीच ऐकलेलं होतं, स्वतःचं स्वतः. हृदयाची झडप. मुंबईला नेलं, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, थांबू नका. तारीखही मिळत होती. आणि बाहेरच्या बाकावर बसून ही बया मला म्हणते, "पावसात करू. होड्या वर काढल्या की."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ऑपरेशनच्या टेबलावर हात मोकळे लागतात, त्याच हातांत सुया, नळ्या. मी हात जोडले तिच्यापुढे, तिथे त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात. म्हटलं, मी आत उभी राहते, ओळखीच्या सिस्टरला सांगून एक काकण तुझ्या पायाला बांधते, पट्टीखाली ठेवते, कोणाला कळणार नाही. ती हसली. "पट्टीखाली ठेवून बगितलं ना एकदा," म्हणाली. मी म्हटलं, "अगं मग जनार्दनाला महिनाभर घरी बस म्हणून सांग." "सांगते," म्हणाली. सांगितलं नाही. आता जनार्दन म्हणतो, "ताई, मला बोलली असती तर मी होडी काडलीच नसती." खरं असेल. बायकोचे पाय सुजलेले, ती भिंतीला टेकून बसून झोपते, हे ज्याला रोज दिसत होतं, त्याला ती बोलायलाच हवी होती का, हा माझा प्रश्न आहे. तो मी त्याला विचारला.

होळी झाली, चैत्र सरला. होड्या वर यायला थोडेच दिवस उरले होते, आणि ती गेली.

परवा मी पुन्हा चिंचणीला गेले. कार्य उरकलं होतं, घर रिकामं होतं. जनार्दन समुद्रावर गेला होता, हंगाम संपत आलेला. सासू आता फार थकलीय. मला मोरीत नेलं हात-पाय धुवायला, तर साबणाच्या वडीच्या वर भिंतीत खिळा, आणि खिळ्यावर देवकीची काकणं. रोजची, कडा झिजलेली. मी म्हटलं, "आई, ही इथं कशी?" म्हातारी उंबऱ्याला धरून खाली बसली. म्हणाली, त्या दिवशी सकाळी देवकी उठली, हात टम्म सुजलेले, काकणं रुतायला लागलेली. मोरीत बसली, साबण लावला आणि एकेक करून सगळी उतरवली. एकही वाढू दिलं नाही. "मी वरडली, अगो, होडी भायेर हाय! तर बोलली, 'ठावं हाय, आय. येईल तो.' मंग कोपरापरत हात धुतलं, आसं वर धरलं... नि भितीला टेकून बसली ती बसलीच." म्हातारीने स्वतःचे दोन्ही हात वर धरून दाखवले, पाणी गळावं तसे. बराच वेळ ते तसेच धरून होती. मग म्हणाली, "आला ना गो तो. होडी भरून आला."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्या बाईजवळ बसून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला काय उमगलं होतं आणि काय नाही, मला ठाऊक नाही. निघताना मी म्हटलं, "आई, यातलं एक काकण मला द्या. वर्गात ठेवीन." आणि खिळ्याकडे हात नेला.

म्हातारीने माझं मनगट धरलं. एवढा जोर कुठून आला तिच्यात कोण जाणे.

"आता नको," म्हणाली. "जना पान्यावर हाय. पावसात ये गो. होड्या वर काडल्या का, ने सगली."